स्प्रिंगचे उपकरण आणि दोन आठवड्यांचे बाळ: व्हिक्टोरियातील एका प्रकरणाचा अभ्यास

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या आग्नेयेकडील एका उपनगरात, एका कायरोप्रॅक्टरने (मणक्यांवर हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्या व्यावसायिकाने) दोन आठवड्यांच्या बाळावर केलेल्या उपचाराची चित्रफीत ऑगस्ट 2018 मध्ये समाजमाध्यमावर टाकली. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी 2019 मध्ये, ती वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली आणि राज्यभर गदारोळ झाला. चित्रफितीत बाळाला घोट्यांशी धरून उलटे लटकवलेले दिसते आणि त्याच्या कण्यावर हातात मावणाऱ्या, स्प्रिंग असलेल्या उपकरणाने टकटक ठोके दिलेले दिसतात. राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्री जेनी मिकाकोस यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, प्रकरण या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलियाकडे गेले आणि चौकशी होईपर्यंत बारा वर्षांखालील मुलांवर उपचार न करण्याची हमी संबंधित कायरोप्रॅक्टरने दिली.

लोकांचा संताप मुख्यतः उलटे धरण्यावर होता आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ते दृश्य डोळ्यांना खुपते. वैद्यकीय दृष्टीने मात्र या प्रकरणातील विचार करण्याजोगा भाग ते उपकरण हाच आहे. कायरोप्रॅक्टिकमध्ये हाताने दिल्या जाणाऱ्या झटक्याला पर्याय म्हणून, वृद्ध, ठिसूळ हाडांचे, घाबरट किंवा अगदी लहान रुग्ण यांच्यासाठी हेच उपकरण सर्वांत सौम्य म्हणून पुढे केले जाते. तो दावा बऱ्याच अंशी खराही आहे. तो खरा असूनही हा उपचार समर्थनीय का ठरत नाही, हे पाहण्यासाठी हे प्रकरण येथे घेतले आहे.

उपकरण कसे काम करते

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी केली. मणक्याच्या सांध्यातील बिघाडामुळे मज्जासंस्थेच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून नाना रोग उद्भवतात, ही त्यांची मूळ मांडणी होती. कंबर आणि मान यांच्या यांत्रिक दुखण्यापुरते काम करणारे आजचे अनेक कायरोप्रॅक्टर ती शब्दशः मानत नाहीत. पण व्यवसायाच्या एका प्रवाहात ती अजून जिवंत आहे, आणि तान्ह्या बाळाच्या कण्याला हात लावण्याचे प्रयोजन बहुधा त्याच प्रवाहातून येते. उपचाराचे मुख्य साधन पहिल्यापासून हात होते. सांध्याला त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन तेथून एक झटपट, थोड्या अंतराचा धक्का द्यायचा, अशी ती रीत आहे. त्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने येतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मिनेसोटा राज्यातील आर्लन फूर आणि वॉरन ली या दोन कायरोप्रॅक्टरांनी दिवसभर हाताने धक्के देण्याचा शीण टाळण्यासाठी यांत्रिक साधनाचा शोध सुरू केला. त्यांचे पहिले प्रयोग दंतवैद्यकात ठोके देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका उपकरणावर झाले. त्यातून पुढे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ हे उपकरण तयार झाले, आणि या पद्धतीचे प्रशिक्षण देणारी त्यांची संस्था ॲरिझोनातील फिनिक्स येथे वाढली. मूठ आवळली की आतली स्प्रिंग दाबली जाऊन सुटते, एक छोटा हातोडा दांडीवर आदळतो आणि दांडीच्या टोकाला बसवलेली रबराची गुंडी त्वचेवर ठोका देते. नंतरच्या आवृत्त्यांत स्प्रिंगऐवजी बॅटरीवर चालणारी रचना आली आणि ठोक्याची तीव्रता पायऱ्यांनी ठरवता येऊ लागली. हल्ली जिमपासून घरापर्यंत सगळीकडे दिसणारी ‘मसाज गन’ आणि हे उपकरण यांची बरेचदा गल्लत होते. मसाज गन स्नायूंवर सलग, मोठ्या पल्ल्याचे ठोके देत राहते, तर हे उपकरण ठरावीक मणक्यावर ठरावीक दिशेने एकेक ठोका देण्यासाठी बनवलेले आहे.

प्रयोगशाळेतील मोजमापांत या उपकरणाच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या आवृत्त्यांचे कमाल बल साधारणपणे 100 ते 200 न्यूटनांच्या टप्प्यात आले आहे आणि ठोका काही मिलिसेकंदांतच संपतो. कमरेवर हाताने दिलेल्या धक्क्याचे बल 400 न्यूटन किंवा त्याहून अधिक असू शकते आणि तो 100 ते 200 मिलिसेकंद टिकतो. बलाचा आलेख त्रिकोणी धरून ढोबळ हिशेब केला, तर 150 न्यूटनांच्या आणि 5 मिलिसेकंदांच्या ठोक्यातून सुमारे 0.4 न्यूटन-सेकंद इतका आवेग (बल आणि ते टिकण्याचा वेळ यांचा एकत्रित हिशेब) शरीरात जातो. 400 न्यूटनांच्या आणि 150 मिलिसेकंदांच्या हाताच्या धक्क्यातून 30 न्यूटन-सेकंद. म्हणजे फरक सत्तर-ऐंशी पटींचा आहे. शिवाय मान पिळावी लागत नाही, सांधा टोकापर्यंत न्यावा लागत नाही आणि बहुतेक वेळा आवाजही होत नाही. मानेच्या धमनीला इजा होण्याची जी भीती हाताने मान फिरवून दिलेल्या झटक्याच्या संदर्भात सतत चर्चेत असते, ती या पद्धतीत तत्त्वतः कमी असावी, असे म्हणायला येथे आधार आहे.

हा सगळा हिशेब प्रौढांच्या शरीरासाठी केलेला आहे. 150 न्यूटन म्हणजे सुमारे 15 किलो वजनाइतके बल, आणि दोन आठवड्यांच्या बाळाचे वजन साडेतीन किलोच्या आसपास असते. लहान मुलांसाठी उपकरणाची सर्वांत खालची पायरी वापरली जाते आणि काही जण मध्ये स्वतःचे बोट ठेवून त्यावर ठोका देतात, हे खरे आहे. तरीही नवजात मणका म्हणजे प्रौढ मणक्याची लहान प्रतिकृती नसते. जन्मतः बहुतेक मणक्यांत हाडाची तीन वेगवेगळी केंद्रे असतात, पुढे एक आणि मागच्या कमानीत दोन, आणि त्यांच्यामध्ये कूर्चा असते. मागची कमान साधारणपणे पहिल्या ते तिसऱ्या वर्षांदरम्यान सांधली जाते आणि कमान व पुढचा भाग यांचा सांधा जुळायला आणखी काही वर्षे जातात. डोके शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असते आणि ते तोलणारे मानेचे स्नायू तेव्हा फार अशक्त असतात. अशा कण्यात ‘अडकलेला सांधा’ बोटाने चाचपून शोधता येतो, हा दावाच आधी तपासायला हवा.

प्रौढांतही निदानाची बाजू लंगडी आहे. या पद्धतीत रुग्णाला पालथे झोपवून दोन्ही पायांच्या लांबीतला सूक्ष्म फरक पाहतात, मग त्याला ठरावीक हालचाली करायला सांगून तो फरक कसा बदलतो यावरून कोणत्या मणक्यावर ठोका द्यायचा हे ठरवतात. कोणता पाय आखूड दिसतो याबाबत दोन तपासनीसांचे एकमत होऊ शकते. मात्र त्यावरून अमुक मणक्यात दोष आहे हे सिद्ध होत नाही. दोन आठवड्यांच्या बाळाला तर ‘हनुवटी छातीला लाव’ असे सांगताही येत नाही.

गुण किती येतो

प्रौढांच्या कंबरदुखीबाबत एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीच्या 107 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली होती. एका गटाला हाताने धक्के दिले, दुसऱ्याला उपकरणाने ठोके दिले आणि तिसऱ्याला नेहमीची वैद्यकीय काळजी दिली. चार आठवड्यांनी हाताच्या गटात वेदना आणि हालचालींवरील मर्यादा इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त कमी झाल्या होत्या. उपकरणाचा गट आणि नेहमीच्या उपचारांचा गट यांच्यात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. तीन आणि सहा महिन्यांनी तर तिन्ही गट सारखेच होते. काही लहान अभ्यासांत, विशेषतः मानेच्या दुखण्यात, उपकरण आणि हात यांचे परिणाम तुल्य दिसले आहेत, पण त्यांतील रुग्णसंख्या इतकी तोकडी आहे की ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेणे घाईचे ठरेल. माझ्या मते प्रौढ रुग्णाला प्रामाणिकपणे एवढेच सांगता येते: धोका कमी आहे, फायदाही बेताचा आहे, आणि बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप निवळते.

तान्ह्या बाळांना कायरोप्रॅक्टरकडे नेण्याची जी कारणे पालक सांगतात, त्यांत कॉलिक हे नेहमीचे. आपल्याकडे त्याला पोटात कळा येणे किंवा गॅस होणे म्हणतात. दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणारे रडणे, ही त्याची 1954 सालापासून वापरात असलेली व्याख्या. दोन आठवड्यांचे बाळ या व्याख्येत बसूच शकत नाही, कारण ते अजून तीन आठवडे जगलेलेच नसते. अलीकडच्या निकषांनी तीन आठवड्यांची अट काढली आहे. पण रडण्याचा स्वाभाविक आलेख त्यामुळे बदलत नाही. तो दुसऱ्या आठवड्यापासून चढत जातो, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांत उतरतो. शिखराच्या आसपास सुरू केलेला कोणताही उपचार, मग तो ओव्याच्या धुरीचा असो, हिंगाच्या लेपाचा असो की कण्यावरील ठोक्यांचा, काही दिवसांत ‘लागू पडतो’.

म्हणून कोणत्या बाळाला खरा उपचार मिळाला हे पालकांना न कळू देता केलेल्या चाचण्यांना येथे महत्त्व येते. नॉर्वेतील 2001 च्या एका चाचणीत 86 बाळे होती. निम्म्यांच्या कण्यावर उपचार झाला, उरलेल्यांना परिचारिकेने तेवढा वेळ नुसते मांडीवर धरले आणि कोणाला काय मिळाले हे पालकांना सांगितले नाही. दोन्ही गटांतील बहुसंख्य बाळे सुधारली आणि गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 104 बाळांच्या चाचणीत उपचार मिळालेल्या बाळांचे रडणे कमी झाले आणि पालकांना माहिती असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही, असा उलट निष्कर्ष निघाला. तो बाजूला सारणे अप्रामाणिक होईल. डेन्मार्कमध्ये 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या सर्वांत मोठी, 185 बाळांची होती. तिच्यात उपचाराच्या गटाचे रडणे दिवसाला सुमारे अर्धा तास अधिक घटले, पण इतर घटक हिशेबात घेतल्यावर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. या चाचण्यांतील उपचार मुख्यतः हाताच्या हलक्या स्पर्शाचे होते. स्प्रिंगच्या उपकरणाने नवजात बाळाचे रडणे कमी होते असे दाखवणारा, तोलामोलाचा पुरावा या चाचण्यांतून मिळत नाही.

चौकशी आणि तिचा पेच

बोर्डाने मार्च 2019 मध्ये हंगामी धोरण जाहीर केले आणि दोन वर्षांखालील मुलांच्या कण्यावर झटक्याचे उपचार करण्यास कायरोप्रॅक्टरांना मनाई केली. त्याच सुमारास सेफर केअर व्हिक्टोरिया या राज्य शासनाच्या संस्थेकडे बारा वर्षांखालील मुलांच्या संदर्भात स्वतंत्र आढावा सोपवला गेला आणि वैज्ञानिक पुरावे तपासण्याचे काम कॉक्रेन ऑस्ट्रेलिया या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने केले. अहवाल ऑक्टोबर 2019 मध्ये आला.

या अहवालातील दोन निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. मुलांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी जवळजवळ सापडल्या नाहीत, आणि उपचाराने फायदा होतो याचा पुरावाही अत्यंत कमकुवत निघाला. शिवाय आढाव्याने लोकांची मते मागवली तेव्हा मुलांना कायरोप्रॅक्टरकडे नेलेल्या 21,000 हून अधिक लोकांनी प्रतिसाद दिला आणि त्यांतील 99.7 टक्क्यांनी अनुभव चांगला असल्याचे कळवले. व्यवसायातील संघटनांनी या आकड्याचा पुढे मोठा आधार घेतला. पण स्वतःहून प्रतिसाद देणारे कोण, हा प्रश्न आहेच. आणि कॉलिकसारखी आपोआप मावळणारी तक्रार असेल, तर समाधानी पालकांचा आकडा कितीही मोठा झाला तरी तो उपचाराच्या गुणाबद्दल काही सांगत नाही. थकलेल्या आईवडिलांचे कोणीतरी शांतपणे ऐकून घेतले, बाळ हातात घेतले, ‘सगळे ठीक होईल’ असे सांगितले, याचे मोल खरे आहे. त्यासाठी कण्यावर ठोका देण्याची गरज नाही.

अहवालाने धोक्याच्या मोजमापात न अडकता प्रयोजनाला हात घातला, ही त्याची जमेची बाजू आहे असे मला वाटते. बारा वर्षांखालील मुलांवर ‘एकंदर स्वास्थ्यासाठी’ कण्याचे असे उपचार करू नयेत, अशी शिफारस त्याने केली. वाढीचे आणि वर्तनाचे विकार, अतिचंचलता, स्वमग्नता, दमा, कॉलिक, अंथरुणात लघवी होणे, कानाचा जंतुसंसर्ग, पचनाच्या तक्रारी, डोकेदुखी, सेरेब्रल पाल्सी आणि मान वाकडी राहणे यांसाठीही ते करू नयेत, आणि कोणत्याही शाखेच्या व्यावसायिकाने करू नयेत, असे त्यात स्पष्ट होते. आजारांची यादी दिल्यामुळे ‘आम्ही हात वापरत नाही, फक्त हलका ठोका देतो’ हा बचाव फारसा उपयोगी राहत नाही.

हंगामी धोरणात मात्र ही फट शिल्लक आहे. त्यात बंदी वयावर आणि तंत्रावर आधारलेली आहे, आणि तंत्राची व्याख्या सांध्याला त्याच्या नैसर्गिक हालचालीच्या मर्यादेपलीकडे नेणारा, वेगवान आणि थोड्या अंतराचा धक्का अशी आहे. सौम्य उपकरणाचे समर्थक नेमके हेच सांगतात की त्यांचा ठोका सांध्याला मर्यादेपलीकडे नेतच नाही. हे म्हणणे मान्य केले, तर ज्या उपकरणावरून सगळा वाद उभा राहिला तेच बंदीतून निसटू शकते. अमान्य केले, तर उपकरण हाताच्या झटक्यापेक्षा मूलतः वेगळे आहे या प्रचाराचा पाया ढासळतो. दोन्हीपैकी एकच बाजू घेता येईल.

पुढचा प्रवास उलटसुलट झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये बोर्डाने बालउपचारांबाबत नवे निवेदन काढले आणि दोन वर्षांखालील मुलांवरची मनाई प्रत्यक्षात उठवली. हे लोकांच्या ध्यानात यायला काही महिने गेले. डॉक्टरांच्या संघटनांनी टीका केली, संघराज्याचे आरोग्यमंत्री मार्क बटलर आणि राज्यांचे आरोग्यमंत्री यांनी आक्षेप घेतला आणि जून 2024 मध्ये बोर्डाने हंगामी मनाई पुन्हा लागू केली.

ऑस्ट्रेलियात निदान बोर्ड आहे, कायद्याने संरक्षित व्यवसायनाम आहे आणि हमी मागणारी यंत्रणा आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत पाटीवर हे नाव लावणाऱ्याचे शिक्षण कोणते, हे पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी रुग्णावर पडते. मराठी घरांतील वाचकाला या प्रकरणातले उलटे धरणे तसे नवखे वाटणार नाही. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला येणारी बाई न्हाऊ घालण्याआधी बाळाला पायांना धरून उलटे करते, हात-पाय तिरपे ताणते, आणि आजी शेजारी कौतुकाने बसलेली असते. बालरोगतज्ज्ञ याला नको म्हणतात, कारण नवजात बाळाचा खुब्याचा सांधा आणि मान दोन्ही अशा ताणासाठी तयार नसतात. मात्र मालिशवाल्या बाईने मणक्यातला दोष काढल्याचा दावा केलेला नसतो, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

उपचाराच्या टेबलावर येण्याआधी

दोन आठवड्यांचे, फार रडणारे बाळ समोर आले तर पहिली गोष्ट म्हणजे त्याचे कपडे काढून वजन करणे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत घटलेले वजन बहुतेक बाळांत दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत भरून निघते आणि पुढे रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढते. वजन भरून निघाले नसेल, तर रडण्याचे कारण बहुधा दूध कमी पडण्यात किंवा छातीला नीट न लागण्यात सापडते आणि त्यासाठी स्तनपानाची मांडणी बघणारी परिचारिका हवी. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर, हिरवी उलटी, शौचातून रक्त, फुगलेली किंवा खोल गेलेली टाळू, दूध न ओढणे, अंग सैल पडणे, श्वास लागणे, यांतले एक जरी आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते; या वयात तापाचे कारण रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग असू शकते. जांघेतली गाठ, बोटाभोवती किंवा शिश्नाभोवती गुंडाळलेला केस, डोळ्यावरचा ओरखडा हेही पाहायचे, कारण ही कारणे मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाहीत. यांतले काहीही नसेल, वजन वाढत असेल आणि बाळ मधल्या वेळात शांत असेल, तर आईवडिलांना रडण्याचा आलेख समजावून सांगायचा, रात्री आळीपाळीने झोप घेण्याची व्यवस्था लावून द्यायची, वैताग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित ठिकाणी पाठीवर ठेवून दहा मिनिटे बाजूला व्हायला सांगायचे आणि आठवड्याभराने पुन्हा वजन करायला बोलवायचे.